तिसऱ्या गडग्याची खूण

ओश्त्रिनाच्या बेटांबद्दल कर्शेवानचं मत काय, हे गावात कुणी कधी विचारलं नाही. न विचारता रोज मिळतं ते विचारायचं कशाला? धक्क्यावरच्या दगडी बाकावर, पाणी घातलेल्या लाल वाइनचा पेला गुडघ्यावर तोलत तो ते सकाळ-संध्याकाळ फुकट वाटायचा.

"दगड. दगडावर दगड. आणि सगळ्यात वरच्या दगडावर एक मेंढी. हे बघायला जर्मनीहून माणसं येतात. तिकडे दगड संपलेत का?"

मेंढीबद्दल मात्र त्याला थोडा आदर होता. वर्षभर त्या उघड्या बेटांवर ती एकटी चरायची, पहाटेचं दव चाटून तहान भागवायची आणि कुणाला फोटो काढू द्यायची नाही. बाकीच्या प्राणिमात्रांची त्याच्या दरबारात धडगत नव्हती. पाणकावळा खडकावर पंख पसरून उभा राहिला की तो म्हणायचा, "बघा, पाद्री आला. आता मासे गिळून आपल्याला उपवास शिकवेल." कड्यावरचा ससाणा म्हणजे आळशी, सहा महिने बसून खातो आणि तरी सरकारी संरक्षण. डॉल्फिनचं नाव काढलं की तो पेला खाली ठेवायचा. "माझी जाळी फाडतो, मासे पळवतो, वर दात काढून हसतो, आणि बोटीतल्या बायका टाळ्या वाजवतात! दरोडेखोराला टाळ्या वाजवणारा मुलूख दुसरा दाखवा."

आणि ह्या सगळ्यांच्या वर, तिरस्काराच्या शेंड्यावर, पांढऱ्या बोटीवाले पर्यटक. समुद्रात पोहून झाल्यावर समुद्राचं पाणी अंगावरून धुवायला बोटीवर पुन्हा आंघोळ करणारी जात. नांगर टाकायचा तो तळाच्या समुद्रगवतातच, आणि उचलताना गवताचं पोतंभर शेपूट घेऊनच. मग तेच लोक किनाऱ्यावर उतरून राष्ट्रीय उद्यानाच्या, म्हणजे पार्कच्या, फलकासमोर उभे राहून वाचतात, की हे गवत किती मौल्यवान आहे.

गावही कर्शेवानला सोडत नसे. बुटका, रुंद खांद्यांचा, वर्षानुवर्षं एकच लोकरी टोपी, उन्हाळ्यातसुद्धा. एकोणिसाव्या वर्षी मोठ्या मालवाहू जहाजावर गेला आणि अकरा महिन्यांत परत आला. का, तर म्हणे, "सगळीकडे पाणीच आहे, आणि तिथला मासा आपल्याला ओळखत नाही." त्याच्या जगप्रवासाचा एवढाच वृत्तांत. मग त्याने येर्काशी लग्न केलं, म्हणजे येर्काने त्याला करू दिलं. तिच्या जिभेपुढे त्याची जीभ बोथट होती हे सगळ्या धक्क्याला माहीत होतं, म्हणून तो जास्त वेळ धक्क्यावर बसायचा.

आता खुणांची गोष्ट. ती कळल्याशिवाय पुढचा घोळ कळायचा नाही.

समुद्रात मासा जिथे बसतो ती जागा काही रंगवून ठेवलेली नसते. कोळी ती जमिनीवरून धरतो. एका बाजूला दोन वस्तू एका रेषेत आणायच्या, दुसऱ्या बाजूला आणखी दोन. दोन्ही रेषा जुळल्या की बोट थांबवायची. ओश्त्रिनाच्या डोंगरांवरून आजोबा-पणजोबांनी रचलेले दगडी गडगे सरळ समुद्रापर्यंत उतरतात, हे माझं रान आणि ते तुझं, म्हणून. तेच गडगे खुणांना उपयोगी पडतात. बाप मरताना थोरल्याला घर देवो न देवो, खुणा देतो.

आणि दुसऱ्या कुणी विचारल्या तर? खोटं सांगायचं. ह्यात वाईट काही नाही. विचारणाराही खोटंच ऐकायच्या तयारीने विचारतो. फक्त त्या खोट्यालाही माप होतं. अगदीच भलतीकडे पाठवणं हे असभ्यपणाचं. एक गडगा पुढचा सांगायचा, बस. चौथा असेल तर पाचवा. ऐकणारा मनात एक वजा करायचा, आणि तरीही नेमकी जागा त्याला सापडायची नाही, कारण दुसरी रेष त्याला कुणी देत नसे. दोन्ही बाजूंची अब्रू राहायची. राज्य ऑस्ट्रियाचं असताना मोजणीदार आले, तेव्हा ह्याच पूर्वजांनी त्यांना बेटांची नावं सांगितली. त्यातलं एक "आजीचं बूड" म्हणून अजून सरकारी नकाशावर आहे, आणि पार्कचे अधिकारी सभेत ते नाव गंभीर चेहऱ्याने घेतात.

कर्शेवानच्या बापाची सगळ्यात मोलाची जागा कब्लिनच्या खाडीत होती. मोठ्या दातांचा, गुलाबी झाक असलेला 'झुबाताच' नावाचा मासा तिथे यायचा. तिसऱ्या गडग्याचं टोक मागच्या छोट्या देवळाच्या घंटेखाली आणायचं आणि पांढऱ्या कड्याची कड मेंढवाड्याच्या भिंतीला टेकवायची. ह्या खुणा थोरल्या कर्शेवानला मिळाल्या. धाकट्या रोकोला बापाचं घड्याळ मिळालं, तेही बंद.

त्याच जागी, पंधरा-वीस हात पाण्याखालच्या रेतीत, एक लोश्तुरा उभी होती.

लोश्तुरा म्हणजे हातभर लांब शिंपला, टोक रेतीत खोचून उभा, पंख्यासारखा उघडा. कर्शेवानच्या लहानपणी ह्या खाड्यांमध्ये त्यांची झुडपं असावीत तशी गर्दी होती. आई भातात शिजवायची आणि सगळे निमूट चावत बसायचे. चपलेला चव असती तर अशीच असती. मग त्या संरक्षित झाल्या. आणि संरक्षण नीट लागू झाल्यावर पाच-सहा वर्षांपूर्वी कसलासा रोग आला नि दोन उन्हाळ्यांत सगळ्या मेल्या. रोगाला कायदा वाचून दाखवायला कुणी नव्हतं. पार्कच्या जीवशास्त्रज्ञ दुन्या, गावाच्या भाषेत डॉक्टरीणबाई, झाग्रेबहून येऊन पाणबुड्यांसकट सगळी बेटं फिरल्या आणि त्यांनी लिहिलं: जिवंत एकही नाही.

पुढच्या वसंतात कर्शेवान बापाच्या जागेवर मासा बसलाय का बघायला गेला. तळाला काच लावलेली बादली पाण्यावर टेकवून आत डोकं घातलं, तर खाली मेलेल्या शिंपल्यांच्या कबरस्तानात एक उघडी, आणि उघड्या ओठांना हलती झालर. त्याने बोट जरा सरकवली. सावली पडताच ती हळूच मिटली.

त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे काय, तर पाणबुडे, कॅमेरे, दोरखंड, आणि बापाच्या खुणा कागदावर. पण त्या दिवसापासून तो दर तीन-चार दिवसांनी कब्लिनला जायला लागला. बादलीत डोकं घालून बोलायचा, आवाज काचेत घुमायचा.

"अजून मेली नाहीस? निलाजरी कुठली. सगळं खानदान गेलं, तू कुणासाठी थांबलीयस?"

तीन वर्षं हे चाललं. येर्काला एका महिन्यातच संशय आला.

"जाळी कोरडी, मासा नाही, आणि तू शिट्टी वाजवत येतोस. कब्लिनला कोण आहे तुझी?"

"एक म्हातारी आहे. तोंड उघडं ठेवते, पण बोलत नाही."

"मग तिच्याकडेच राहायला जा. तिला स्वैपाक येतो का विचार."

शेवटी त्याला सांगावं लागलं. ऐकून येर्का म्हणाली, "तुझ्या आईने शिजवल्या तेवढ्या पुष्कळ झाल्या. ही राहू दे." आणि तिने धक्क्यावर चकार शब्द काढला नाही, हे त्या बाईच्या आयुष्यातलं आश्चर्यच.

मग ह्या जूनमध्ये एका संध्याकाळी रोको धक्क्यावर आला. रोको पार्कच्या बार्जवर तांडेल होता. पार्कने दिलेली टोपी तो जेवतानाही काढत नसे.

"उद्या सकाळी कब्लिन," त्याने जाहीर केलं. "चार ठोकळे टाकायचेत काँक्रीटचे, दोन-दोन टनांचे. त्यावर तरंगती पिंपं. म्हणजे पांढऱ्या बोटी पिंपाला बांधतील, नांगर टाकणार नाहीत, गवत वाचेल."

"गवत वाचवायला दोन टनाचा धोंडा," कर्शेवान म्हणाला. "डोकेदुखीवर कुऱ्हाड. कुठे टाकणार?"

"गवतात नाही, रेतीच्या पट्ट्यात. पट्ट्यात कुठे ते मी ठरवायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोको, तुम्हाला तळ माहीत आहे."

"तुला तळ माहीत आहे तो पेल्याचा."

बाक हसला. कर्शेवान हसला नाही. पेल्यातली उरलेली वाइन त्याने समुद्रात ओतली आणि घरी गेला. त्याने असं कधी केलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

सकाळी रोको बार्जवर जायला निघाला तेव्हा त्याच्या दारात कर्शेवान उभा. वाटणीच्या अढीमुळे थोरल्या भावाने त्याच्या दारात शेवटचा पाय ठेवल्याला नऊ वर्षं झाली होती, आणि तोही कुणाच्या मयताला म्हणून.

"तिसऱ्या गडग्यासमोर टाकू नकोस."

रोकोने कॉफीचा कप खाली ठेवला. "काय आहे तिसऱ्या गडग्याला?"

"लोश्तुरा आहे. जिवंत."

"सगळ्या मेल्या. लिहिलेलं आहे."

"लिहिलेलं तर आजीचं बूडही आहे. मी सांगतोय ना. तिसरा गडगा, देवळाच्या घंटेखाली. आणि दुसरी रेष..." इथे कर्शेवानची जीभ अडखळली. चाळीस वर्षांची सवय दाताखाली आली. "दुसरी रेष पांढऱ्या कड्याची."

पुरी सांगितली नाहीच. कड मेंढवाड्याला टेकवायची, हे तीन शब्द गिळले.

रोको हसला, पण चिडवून नाही, मायेने. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कळलं मला. तू काळजी करू नकोस. जा, घरी जा."

धाकटा भाऊ असा शहाण्यासारखा बोलल्याने कर्शेवान गडबडून परत फिरला. घरी आला, ओट्यावर बसला, खारवलेल्या बांगड्याचे काटे काढायला लागला.

"सांगितलंस?" येर्काने आतून विचारलं.

"सांगितलं. ऐकलं त्याने. कधी नव्हे तो माणसासारखा वागला."

"काय सांगितलंस?"

"तिसऱ्या गडग्यासमोर टाकू नकोस म्हणून."

येर्का बाहेर आली. तिच्या हातात पालकाची जुडी होती, ती तिने खाली टाकली.

"तिसरा म्हणालास? खराच?"

"खराच. मग काय?"

"अरे गाढवा! अरे टोपी घातलेल्या गाढवा! ह्या गावात तिसरा म्हटलं की ऐकणारा काय ऐकतो?"

कर्शेवानच्या हातातला काटा तसाच राहिला.

"दुसरा," तो म्हणाला.

"दुसरा! म्हणजे तो आता दुसऱ्याला जपणार. मोठ्या मनाने जपणार, भावासाठी! आणि धोंडा कुठे टाकणार?"

पुढचं उत्तर ऐकायला तो ओट्यावर नव्हता. सत्तर वर्षांचा माणूस चपला हातात घेऊन गल्ली उतरताना गावाने पाहिला आणि गावाला वाटलं, घराला आग लागली.

बोटीचं इंजिन त्याच्या आदळआपटीला घाबरून असेल, पण पहिल्या झटक्यात सुरू झालं. कब्लिनला पोचायला पाऊण तास. वाटेत डॉल्फिनांचा एक कळप आडवा गेला. त्याने त्यांना शिवीसुद्धा दिली नाही.

खाडीच्या तोंडातून आत वळला तेव्हा दोन ठोकळे पाण्याखाली गेले होते, पहिल्या आणि सहाव्या गडग्यासमोर. बार्ज तिसऱ्याकडे सरकत होती. क्रेनच्या साखळीला लोंबकळणारा ठोकळा संथ हलत होता. दुसऱ्या गडग्यासमोरचं पाणी मोकळं सोडलेलं, स्वच्छ, कुणाच्या वडिलांच्या समाधीसारखं.

कर्शेवानने इंजिन बंद केलं आणि वल्ही घेतली. नांगर टाकता येत नव्हता. खाली काय होतं ते त्यालाच माहीत होतं. तिसऱ्या गडग्याचं टोक घंटेखाली आणलं, कड्याची कड मेंढवाड्याला टेकवली, आणि बार्जच्या नाकासमोर बोट धरून ठेवली. बापाच्या खुणा, भर सकाळी, पार्कच्या सहा माणसांसमोर.

"बाजूला हो!" रोको ओरडला. "वेडा झालास का?"

"ती इथे आहे! माझ्या खाली!"

"मला कळलंय रे! दुसऱ्याला मी हात लावत नाहीये! बघ, मोकळा सोडलाय! वडिलांची जागा आहे, मला काय मन नाही?"

"दुसऱ्याला काही नाहीये, मूर्खा! दुसऱ्याला रेती आहे!"

"हो, हो! म्हणूनच तू इथे बसलायस!" रोको क्रेनवाल्याकडे वळला. "आमच्या घरातली रीत आहे. जिथे नसतं तिथे बसून दाखवतात. थांब जरा, थकेल आणि जाईल."

हे अगदी खरं होतं. रोकोच्या जागी कर्शेवान असता तर त्यानेही हेच म्हटलं असतं. आयुष्यभर घासून धारदार केलेलं शहाणपण आज उलटं फिरून गळ्याशी आलं होतं, आणि धरणारा सख्खा भाऊ.

वारा उठला. उन्हाळ्यात दुपारच्या आधी समुद्रावरून येतो तो रोजचा, मुळमुळीत वाटणारा आणि तासाभरात हात तोडणारा. बोट खुणेवरून सरकायची, तो वल्ह्याचे चार हात मारून परत आणायचा. टोपी कपाळावर भिजली. अर्धा तास झाला. बार्जवर कुणीतरी पाव आणि चीज काढलं.

"बार्बा," म्हाताऱ्या कोळ्याला काका म्हणावं तशी हाक मारत डॉक्टरीणबाई दुन्या बार्जच्या कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "ह्या खाडीत मी स्वतः उतरले होते. तेव्हा एकही जिवंत नव्हती. तुमचा मासेमारीचा मुद्दा असेल तर लेखी अर्ज करा, आपण विचार करू."

"डॉक्टरीणबाई, अर्ज मी करीन, पण ती वाचणार नाही. तिला अक्षरओळख नाही."

बार्जवर हशा झाला. दुन्या हसल्या नाहीत. त्या म्हाताऱ्याच्या हातांकडे बघत होत्या. थापाड्या माणसाचे हात एव्हाना सैल पडायला हवे होते.

कर्शेवानने एक वल्हं सोडलं, बादली उचलली आणि त्यांच्या दिशेने धरली. कोळी आपली बायको एकवेळ उसनी देईल पण बादली देत नाही, असं धक्क्यावर म्हणतात, अर्थात बायका नसताना.

"या. तुम्हीच बघा. खोटं निघालं तर तो धोंडा माझ्या बोटीवर सोडा, मी हलणार नाही."

त्या शिडीवरून त्याच्या बोटीत उतरल्या. बोट हलली, तो कधी डाव्या, कधी उजव्या हाताने तिला खुणेवर ठेवत होता. त्या पोटावर झोपून बादलीत डोकं घालून राहिल्या. बराच वेळ काही नाही.

"कवचं आहेत. रिकामी," बादलीतून आवाज आला.

"मधे बघा. तिरकी उभी आहे. माझ्यासारखी."

पुन्हा बराच वेळ. वाऱ्याने बोट हातभर सरकली, तिची सावली तळावरून पुढे गेली.

दुन्यांचे पाय एकदम ताठ झाले.

"मिटली," त्या म्हणाल्या. मग बादलीतून डोकं काढून, चेहऱ्यावर काचेचा गोल वळ घेऊन, बार्जकडे ओरडल्या, "क्रेन वर! वर घ्या! जिवंत आहे! रोको, जिवंत आहे!"

ठोकळा वर गेला. रोकोने पार्कची टोपी काढली, पहिल्यांदाच, आणि त्याच्या डोक्याला टक्कल असल्याचं पार्कला कळलं. त्याने आधी घंटेकडे पाहिलं, मग कड्याकडे, मेंढवाड्याकडे. ओठ हलले. मोजत होता.

"म्हणजे खराच तिसरा," तो म्हणाला. "वडील तिसरा म्हणायचे, म्हणून मी चाळीस वर्षं दुसऱ्याला गळ टाकतोय."

"दिसायचं मला," कर्शेवान म्हणाला.

"आणि तू काही बोलला नाहीस."

"बोललो असतो तर तू पहिल्याला गेला असतास."

रोकोने त्याला बोटीसकट बार्जला बांधून गावापर्यंत ओढत आणलं, कारण कर्शेवानच्या बोटांनी वल्ही सोडायला नकार दिला होता. उतरताना रोकोने शिवी दिली, कर्शेवानने परत दिली, आणि नऊ वर्षांचा हिशोब तेवढ्यावर मिटला.

पार्क मात्र पार्कच. आठवड्याच्या आत कब्लिनच्या तोंडाला पिवळ्या तरंगत्या गोळ्यांची माळ लागली. आत कुणी जायचं नाही. पांढरी बोट नाही, मासेमारी नाही, आणि ज्याने ती दाखवली तो कर्शेवान तर मुळीच नाही, कारण नियमाला माणूस ओळखता येत नाही. बापाच्या खुणा कार्यालयाच्या भिंतीवर छापून लागल्या, वीतभरसुद्धा चूक नाही. झुबाताच मासा आता तिथे निवांत म्हातारा होईल. धक्क्यावरची मंडळी आठवडाभर ह्यावर जगली.

"तीन वर्षं जपलीस आणि पार्कशी लग्न लावून दिलंस," कुणी म्हणालं.

"हुंड्यात खाडी दिली," दुसरा म्हणाला.

कर्शेवान पेला उचलून बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचा.

आता तो दर सोमवारी पिवळ्या माळेबाहेर बोट धरून उभा राहतो. सोमवारी दुन्या तपासणीला येतात, आत जातात, तासाभराने बाहेर येतात. त्यांची बोट जवळ आली की तो विचारतो, शक्य तितक्या तुच्छतेने:

"मेली का?"

"नाही बार्बा. उघडी आहे. छान आहे."

आणि इथेच त्याची पंचाईत होते. ह्या बाईला आता गावात येऊन चौथा उन्हाळा झाला. ती धक्क्यावर बसते, पत्ते खेळते, मागच्या महिन्यात तिने पत्ते पिसताना रोकोला फसवलंसुद्धा. चौथ्या उन्हाळ्यात माणूस खरं सांगतो की एक गडगा पुढचं, हे कसं ओळखायचं? आणि मेली असेल, तर म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून "छान आहे" असंच कुणीही म्हणेल.

तो तिच्या चेहऱ्याकडे बघतो. बादली त्याच्या पायाशी असते, कोरडी.

"झालर हलत होती?"

"हलत होती."

"सावली पडल्यावर?"

"मिटली."

"लगेच की हळू?"

दुन्या थांबतात, आठवतात. "हळू," त्या म्हणतात. "म्हाताऱ्या बाईसारखी. कंटाळा करत."

कर्शेवान मान हलवतो, थुंकतो, "निलाजरी," असं पुटपुटतो आणि इंजिन सुरू करतो.